मालकी घरमालकाची, आकाश तारेचे

चेन्नईच्या मध्यवर्ती भागात उच्चदाबाच्या तारा फारशा दृष्टीस पडत नाहीत. उत्तरेस एन्नोरकडे निघाले की मात्र मनोऱ्यांच्या रांगा सुरू होतात. उत्तर चेन्नई व वल्लूर येथील औष्णिक केंद्रांची वीज त्या वाहून नेतात. तारांलगतच्या घरांकडे पाहताना मला नेहमी प्रश्न पडतो : ही जागा नेमकी कोणाची?

उत्तर 1885 च्या तार कायद्यात आहे. त्याच्या 10व्या कलमानुसार सरकारला खाजगी जमिनीवरून तार नेता येते. जमीन संपादन करावी लागत नाही. सरकारकडे येतो तो केवळ वापराचा हक्क, मालकी मूळ मालकाकडेच राहते. नुकसान झाल्यास भरपाई द्यावी, एवढेच बंधन. बारीक तारेच्या संदेशवहनासाठी ही व्यवस्था पुरेशी होती.

पुढे 1910 च्या वीज कायद्याच्या 51व्या कलमाने हेच अधिकार वीजवाहिन्यांनाही देता येऊ लागले. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली, तेव्हा उच्चदाबाचे युग आपल्याकडे रुजू लागले होते. 2003 च्या कायद्याने 164व्या कलमात तीच तरतूद चालू ठेवली. 2023 च्या दूरसंचार कायद्याने तार कायदा रद्द केला, परंतु वीजवाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग जिवंत ठेवला!

संदेशाची तार आणि 220 किलोव्होल्टची वाहिनी यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. या वाहिनीचा पट्टा 35 मीटर रुंद असतो. 1956 च्या नियमांनुसार इमारतीपासून तिचे अंतर वरच्या दिशेने 5.5 मीटर व बाजूने 3.8 मीटर हवे होते. कुटुंब वाढले, वर एक मजला चढला, की हे अंतर संपते आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढणेही जिवावर बेतू शकते. चुंबकीय क्षेत्राची भीतीही लोकांच्या मनात असते. 2002 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यास ‘संभाव्य’ कर्करोगकारकांच्या गटात घातले. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झालेला नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला खुपते ते हे की, लाभ साऱ्या शहराचा आणि भार मूठभरांचा. केंद्राच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनी पट्ट्यासाठी जमिनीच्या मूल्याच्या कमाल 15 टक्के भरपाई सुचविली. 2024 साली ती 30 टक्के झाली. पट्ट्यातील जमिनीच्या घटलेल्या मूल्याची अशी मोजदाद केंद्रीय सूचनांत येण्यास 1885 पासून 130 वर्षे लागली. प्रशासनात विलंबाचीही किंमत असते. ती फाईलवर दिसत नाही, इतकेच.