रिकामी डिस्क फसवते

मागे मी माझ्या जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर लिनक्स आणि विंडोजचा फाइल कॉपीचा वेग मोजला आणि ‘लिनक्स जिंकलं’ असं ठोकून दिलं. घोळ असा, की लिनक्सचं पार्टिशन त्याच दिवशी फॉरमॅट केलेलं आणि विंडोजचं चार वर्षं वापरून भरत आलेलं!

हा घोळ बर्कलीत चाळीस वर्षांपूर्वीच सापडला होता. जुन्या युनिक्सची फाइल सिस्टिम नवी असताना सेकंदाला 175 किलोबाइटपर्यंत वाचायची. काही आठवडे वापरली, की आकडा 30 वर! कारण मोकळ्या ब्लॉक्सची यादी. सुरुवातीला ती ओळीने लावलेली असते. फाइली बनत-पुसत गेल्या, की पत्त्यांसारखी पिसली जाते. मग एकाच फाइलचे तुकडे डिस्कभर, आणि हेड बिचारं नुसतं धावतंय.

मॅक्क्युसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी 1984 च्या पेपरात उपाय मांडला: निदान 4096 बाइटचे ब्लॉक, फाइलचे तुकडे शक्यतो जवळजवळच्या सिलिंडरांत, आणि सुमारे 10 टक्के जागा कायम मोकळी. वेग दहापटीपर्यंत वाढला. मला जास्त भारी वाटतं ते हे, की वापरानंतरही तो टिकला.

मी आता दोन्ही पार्टिशनं सारखीच भरून पुन्हा मोजतोय. तोवर माझा तो निकाल मागे घेतलाय.