मसुदा क्रमांक २८

भारतातल्या खात्यात पैसे पाठवताना आपला पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येत नाही, तो टी.एल.एस. नावाच्या प्रोटोकॉलमुळे. कन्सल्टिंगच्या निमित्ताने असे प्रोटोकॉल मला वाचावे लागतात. खरं सांगायचं तर अंतिम प्रतीपेक्षा मला त्यांच्या मसुद्यांचा इतिहासच जास्त रंजक वाटतो.

या दस्तऐवजांना आर.एफ.सी. म्हणतात, म्हणजे 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स'. पहिला ७ एप्रिल १९६९ चा. तो लिहिणारा स्टीव्ह क्रॉकर तेव्हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत होता. अर्पानेटचे नियम ठरवणारे आपण कोण, या संकोचापोटी त्याने हे नाव ठेवलं. आम्हाला असं वाटतं, तुमचं काय म्हणणं? १९८६ मध्ये सुरू झालेल्या आय.ई.टी.एफ.ने तीच रीत चालवली. तिथे सभासदत्व नाही, मतदानही नाही. सभेचा कल बघायला मंडळी चक्क तोंड मिटून 'हंऽऽ' करतात! (आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत करून बघायला हरकत नाही.)

टी.एल.एस. १.३ चा मसुदा २०१४ पासून चर्चेत होता. आधीच्या आवृत्त्यांमधल्या त्रुटी बहुधा छापून झाल्यावर सापडत. या वेळी संशोधकांनी मसुदेच गणिताने तपासले आणि बऱ्याच पळवाटा आधीच बुजल्या.

खरा वाद झाला २०१६ च्या सप्टेंबरात. जुनी आर.एस.ए. किल्ली-पद्धत काढू नका, अशी विनंती अमेरिकेतल्या बँकांच्या वतीने आली. त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. फसवणूक शोधायला आपल्याच डेटा सेंटरमधली वाहतूक उलगडून बघावी लागते. पण त्या पद्धतीत सर्व्हरची एक किल्ली चोरीला गेली, की कुणी वर्षानुवर्षं साठवून ठेवलेले संदेशही उघडतात. विनंती नाकारली गेली, आणि मला ते योग्यच वाटतं. तपासणीची सोय बँकेला आपल्या घरात वेगळी करता येते; उघडं पडलेलं गुपित ग्राहकाला परत झाकता येत नाही.

मग वेगळंच विघ्न आलं. वाटेतली जुनी यंत्रं अनोळखी आवृत्ती दिसली की जोडणीच तोडत. शेवटी २८ मसुद्यांनंतर, ऑगस्ट २०१८ मध्ये आर.एफ.सी. ८४४६ प्रसिद्ध झाला, तो तडजोड करूनच: १.३ चा पहिला निरोप बाहेरून '१.२' चा आकडा लावून निघतो, खरा आकडा आत असतो.