स्कॅनर स्वस्त कसा झाला?

गॅरेजमध्ये गाडी नेली की "स्कॅनर लावून बघावं लागेल" हे वाक्य आता ओळखीचं झालंय. गाडीचे एरर कोड वाचणारं तसलंच एक छोटं यंत्र हल्ली हजारभर रुपयांत घरी येतं. कुठलं घ्यावं, हे ठरवण्याआधी ते एवढं स्वस्त कसं झालं ते पाहू. ही गोष्ट सुरू होते धुरापासून.

१९४३ च्या जुलैत अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर असं धुरकं दाटलं की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. महायुद्धाचे दिवस, त्यामुळे जपान्यांनी विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही आली. आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने पुढे १९५० च्या दशकात दाखवून दिलं की मोटारींच्या धुरातली द्रव्यं उन्हात एकमेकांशी मिसळून हे धुरकं तयार होतं.

मग धुरावर कायदे आले, गाड्यांत धूर कमी करणारी उपकरणं आली. पण विकल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी ती बिघडली तर कळणार कसं? म्हणून कॅलिफोर्नियाने नियम केला, की १९८८ पासूनच्या गाड्यांनी स्वतःवर लक्ष ठेवायचं आणि बिघाड झाला की दिवा लावायचा. तोच आपला 'चेक इंजिन'चा दिवा.

अडचण एवढीच, की प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा आणि कोडही वेगळे. काही गाड्यांत तर प्लगच्या दोन पिना तारेने जोडून दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एकदा, थांबून दोनदा, म्हणजे कोड बारा!

१९९६ पासून अमेरिकेत सर्व नव्या गाड्यांना सोळा पिनांचा एकच प्लग आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. हीच ओबीडी-टू पद्धत. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ पासून लागू झाली, आपल्याकडे २०१३ पासून. प्लग एकच झाल्यावर स्वस्त यंत्र बनवणं शक्य झालं. एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कॅनेडियन कंपनीने ईएलएम३२७ नावाची चिप काढली. तिच्या नकला जगभर झाल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला मात्र अजून विकल्या जातात.

तर घेताना काय पाहावं? गाडी २०१३ नंतरची असेल तर साधं यंत्र बहुधा पुरतं. पाकिटावर छापलेल्या आवृत्तीवर विसंबू नका, परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. आयफोन असेल तर तो चालतो असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या, साधं ब्लूटूथवालं त्याला चालत नाही. एबीएस आणि एअरबॅगचे कोड स्वस्त यंत्रं सहसा वाचत नाहीत. फोनची कटकट नको असेल तर पडदा असलेला सुटा कोड रीडर बरा.

आणि कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०४२० आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं गाडीला वाटतंय. खरा दोष सेन्सरचा किंवा एक्झॉस्टमधल्या गळतीचाही असू शकतो. मुलगा गणितात नापास झाला हे प्रगतिपुस्तक सांगतं, का झाला ते सांगत नाही, तसंच हे.

म्हणून कोड आधी कागदावर उतरवून ठेवा, घाईने पुसू नका. पुसल्यावर मेकॅनिकला हवी असलेली नोंदही जाते. तो कागद घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर निदान "हा भाग का बदलायचा?" एवढं तरी नीट विचारता येईल. पूर्वी तेवढीही सोय नव्हती.