खिळा की काथ्या?

होडी बांधणाऱ्याला एक निवड टाळता येत नाही. फळीला फळी कशाने जोडायची आणि वर लागणाऱ्या कड्या, कप्प्या, खुंट्या कशाच्या घ्यायच्या? आज शिडाची छोटी होडी बांधणारा माणूस स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम की कांसे यावर डोके खाजवत बसतो. हजार वर्षांपूर्वी अरबी समुद्रावर हा प्रश्न लोखंडी खिळा आणि नारळाचा काथ्या यांच्यातला होता. आणि अरब व हिंदी कारागिरांनी शतकानुशतके काथ्या निवडला. फळ्यांना भोके पाडायची, काथ्याच्या दोरीने त्या घट्ट शिवायच्या, भोके बुजवायची आणि वरून तेल चोळायचे.

का निवडला, याचे उत्तर इतरांनीच जास्त दिले आहे, आणि बरेचदा चुकीचे. समुद्रात चुंबकाचे डोंगर आहेत, ते जहाजाचे खिळे ओढून घेतात, ही कथा तर 'अलिफ लैला'मुळे घरोघरी पोहोचली. सहाव्या शतकातल्या प्रोकोपियस या रोमन इतिहासकाराने ती साफ नाकारली. तांबड्या समुद्रात रोमन जहाजे लोखंडासकट फिरतात, त्यांना काही होत नाही, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. पण पुढे त्याने स्वतःचे कारण दिले की, हिंदी लोकांकडे लोखंडच नाही! त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी घडवलेला, सहा टनांहून जड लोहस्तंभ आज दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारात उभा आहे. तो पाहिल्यावर या कारणाबद्दल वेगळे बोलायची गरज उरत नाही. तरीही 'बिचाऱ्यांना येत नव्हते' हा सूर नंतरच्या पुष्कळ लिखाणात टिकून राहिला.

मार्को पोलोला होर्मुझची शिवलेली जहाजे मुळीच आवडली नाहीत. ती बुडतात, असे तो सांगतो. लाकूड इतके कडक की खिळा ठोकला तर मातीच्या भांड्यासारखे तडकते, हे त्याने ऐकलेले कारण. ते अगदीच टाकाऊ नाही, पण पुरेसेही नाही. कारण भोक आधी पाडले तर कडक लाकडातही खिळा बसतो.

पटणारे उत्तर प्रवास करणाऱ्यांकडून मिळते. इब्न बतूता लिहितो की हिंदुस्थान आणि यमनची जहाजे शिवलेली असतात, कारण या समुद्रात खडक फार. खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले की फुटते, शिवलेले थोडे लवते आणि वाचते. मद्रासच्या किनाऱ्यावरच्या मसुला होड्यांनी हेच सिद्ध केले. तिथे लाटा इतक्या जोरात फुटत की इंग्रजांची भारी जहाजे दूर उभी राहत आणि साहेब, मडमा, पेट्या सारे या शिवलेल्या होड्यांतून किनाऱ्याला लागत. खिळा ताठ असतो, दोरी धक्का पचवते. शिवाय दोरी कुजली तर सोडवून तीच फळी पुन्हा शिवता येते. त्यासाठी लोहाराची भट्टी लागत नाही.

इब्न जुबैर 1183 साली हजला जाताना ऐझाब बंदरात अशा जहाजात बसला. त्याचे वर्णन शिक्षकाला हेवा वाटावा इतके नेमके आहे. काथ्या कसा कुटतात, दोरी कशी वळतात, तूप, एरंडेल किंवा शार्कचे तेल कसे चोळतात (त्यात शार्कचे सर्वांत उत्तम, कारण त्याने लाकूड आणि दोरी नरम राहते), लाकूड आणि काथ्या हिंदुस्थान व यमनहून येतो, हे सारे त्यात आहे. पण त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. जहाजमालक यात्रेकरूंना एकमेकांवर रचावे तसे भरत. एका फेरीत जहाजाची किंमत वसूल झाली की पुढे ते बुडले तरी मालकाचे काही जात नव्हते. म्हणजे शिवलेले जहाज बुडले की दोष काथ्याला लागायचा, जास्त माणसे कोंबणारा सुटायचा. मार्को पोलोच्या तक्रारीत असे किती मालक लपले असतील, हा प्रश्न मला पडतो.

लोखंडही काही निर्धोक नव्हते. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी पाहिले तर लोखंडी खिळे खाऊन गेलेले. खारे पाणी, तांबे आणि लोखंड एकत्र आले की लोखंडाचा बळी जातो. जिथे पत्र्याचा तपकिरी कागद मध्ये राहून गेला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. पुढे तळासाठी तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आले. आजही अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टीलचा स्क्रू बसवताना मध्ये प्लास्टिकचा तुकडा ठेवतात, तो त्या कागदाचाच भाऊबंद. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली जहाजे टिकली त्यामागेही निवडच होती: ओकमधल्या आम्लाने लोखंड गंजते, सागवानात ते तगून राहते.

जाता जाता शब्दांचे. सुकाणू हा अरबी 'सुक्कान'. बंदर फारसी. 'नाखुदा'चा झाला नाखवा. कोळ्यांच्या बोलण्यात तो होडीचा धनी आणि कोकणी मुसलमानांत आडनाव. हे शब्द कुणी कुणावर लादलेले नाहीत. एकाच वाऱ्याची वाट पाहत एकाच धक्क्यावर बसलेल्या माणसांनी ते वापरून वापरून गुळगुळीत केले.

आणि ही विद्या पुरती मेलेलीही नाही. इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ 1998 मध्ये सापडलेले नवव्या शतकातले जहाज शिवलेलेच निघाले. पोटात चिनी भांडी होती, साठ हजारांच्या आसपास. ओमानने त्याच्या धर्तीवर 'ज्युएल ऑफ मस्कत' बांधून 2010 मध्ये सिंगापूरला नेले. आपल्याकडे अजिंठ्याच्या भिंतीवरच्या जहाजावरून 'कौंडिण्य' बांधले गेले. ते गोव्यात केरळच्या कारागिरांनी काथ्याने शिवले आणि 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. जुना नकाशा कुठलाच हाताशी नव्हता, होते ते फक्त चित्र. म्हणून आधी प्रतिकृती करून मद्रास आयआयटीत ती पाण्यात तपासावी लागली.