खानदेशचें गवत व दुष्काळ

दुष्काळाच्या इतिहासांत माणसांच्या हालांचें वर्णन प्रथम यावें, हें योग्यच आहे. परंतु जेथें शेती बैलाच्या खांद्यावर चालली, तेथें गवताचा इतिहास वगळल्यास दुष्काळाचा इतिहास अपुराच राहतो. जुन्या खानदेशाकडे, म्हणजे मुख्यतः आजच्या जळगांव व धुळें जिल्ह्यांकडे, आम्ही येथें याच दृष्टीनें पाहणार आहों.

१८०२ सालीं होळकरी फौजांनीं हा प्रांत लुटला व पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. १८१८ सालीं इंग्रजी अंमल बसला, तेव्हां कित्येक गांवें ओस पडून शेतांत रान माजलें होतें. प्रजेची ती दुर्दशाच होती. मात्र गुरांना चराई मुबलक होती. पुढें वस्ती वाढली. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें व विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्याच दशकांत मुंबईची आगगाडी खानदेशांत पोंचली आणि तापीकांठच्या काळ्या जमिनींत कापूस पसरला. पडीक रानें नांगराखालीं गेलीं. १८७८ च्या वनविषयक कायद्यानें राखीव जंगलांतील चराईवरही निर्बंध आले. कापसानें प्रांतास पैसा दिला, हें कोणी नाकारणार नाहीं. पण ज्वारीच्या शेतांतून धान्याबरोबर कडबा मिळतो; पऱ्हाट्या चुलींत जातात.

याचा हिशेब १८९९-१९०० च्या दुष्काळांत चुकता झाला. विक्रम संवत् १९५६ वरून लोक त्यास छप्पन्नाचा दुष्काळ म्हणत. गुजराथेंत व खानदेशांत त्या वेळीं असंख्य गुरें मेलीं. धान्य आगगाडीनें आणतां येई. पण वैरण अवजड, आणि हजारों गांवांतील गुरांना ती पुरविणें दुर्घट होतें. पुढें पाऊस आला, तेव्हां कित्येकांपाशीं औताला जुंपावयास बैलच नव्हते.

हा इतिहास आतां आठवण्याचें कारण आहे. १९०१ ते २०१८ या काळांत भारताचें सरासरी तापमान सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें वाढलें. पावसाळ्यांतील कोरडे खंडही १९५१-८० च्या मानानें १९८१-२०११ मध्यें देशांत सुमारें २७ टक्क्यांनीं अधिक झाले. हवा एक अंशानें तापली कीं सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून ती जमिनीची ओलही अधिक ओढते. पावसाची बेरीज पूर्वीइतकीच राहिली, तरी गवताच्या मुळाशीं ओल टिकेल असें नाहीं. त्यांत चराईचा ताण पडला, कीं मारवेल व पवन्या यांसारखीं सकस गवतें हटतात आणि कुसळी माजते. कुसळें धरल्यावर तिला गुरें तोंड लावीत नाहींत. लांबून रान हिरवें दिसतें. गोठ्यांत मात्र उपास घडतो.

आज शेतांत ट्रॅक्टर आले, म्हणून हा प्रश्न संपला असें नव्हे. दुभत्या जनावरावर संसार चालविणारीं कुटुंबें व मेंढ्यांमागें भटकणारे धुळें जिल्ह्यांतील ठेलारी अद्याप गवताच्याच आधारावर आहेत. त्याच जिल्ह्यांतील साक्री तालुक्याच्या बारीपाडा गांवानें श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें आपलें उजाड झालेलें रान नियम करून राखलें, व त्याबरोबर गांवचें पाणीही वाढलें. श्री. पवार यांना २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. पाऊस कोणाच्याही हातचा नाहीं. पण उरलेलें गायरान मोडावें कीं राखावें, हें गांवाच्या व सरकारच्या हातचें आहे. छप्पन्नाच्या सालच्या कुणब्यांना हा विचार करण्यास सवड मिळाली नाहीं. आपणांस ती अजून आहे.