पहिला वाटा : देशोदेशींचे सुगीचे सण

मनुष्याने शेती करण्यास प्रारंभ केला तेव्हापासून त्याचे सुखदुःख पावसाशी आणि जमिनीशी जोडले गेले. बी पेरणे त्याच्या हाती असते. परंतु ते उगवणे, निसवणे व दाण्यांनी भरणे सर्वस्वी त्याच्या हाती नसते. म्हणून नव्या पिकाचा पहिला घास त्याने स्वतः न खाता आधी देवापुढे ठेवला. देश निराळा, धर्म निराळा, धान्य निराळे. पण पहिला वाटा आपला नव्हे, ही रीत अनेक देशांत आढळते.

जपानमध्ये भाताच्या सुगीनंतर ‘निइनामे’ नावाचा प्राचीन विधी होतो. दरवर्षी २३ नोव्हेंबर रोजी तेथील सम्राट नवा तांदूळ देवतांना अर्पण करतो आणि मगच स्वतः सेवन करतो. सन १९४८ मध्ये कायद्याने याच दिवसाला श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस असे नाव देऊन सार्वजनिक सुट्टी ठरविण्यात आली. देवाबरोबर राबणाऱ्या हातांचेही आभार मानावेत, हा त्यातील भाव होय.

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात अक्रा शहराच्या परिसरात गा नावाचे लोक राहतात. त्यांच्या सुगीच्या सणाला ‘होमोवो’ म्हणतात. त्याचा अर्थ भुकेची हुर्यो उडविणे. त्यांच्या पूर्वजांनी मोठा दुष्काळ सोसला आणि पुढे मक्याचे भरघोस पीक आले, अशी परंपरा सांगितली जाते. सणापूर्वी काही आठवडे ढोल वाजविण्यास बंदी असते. सणाच्या दिवशी गावप्रमुख मक्याच्या पिठाचा ‘क्पोक्पोई’ नावाचा पदार्थ पूर्वजांच्या नावाने जमिनीवर शिंपडतो. भरल्या कणगीसमोर उपासमारीची आठवण ठेवणारा हा सण आहे.

यहुदी लोकांच्या धर्मशास्त्राने तर शेतकऱ्यास स्पष्ट आज्ञाच दिली आहे. कापणी करताना शेताचे कोपरे सोडावेत आणि खाली पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी आहेत. आपल्याकडे ज्याला सरवा म्हणतात तो हाच. बायबलच्या जुन्या करारातील रूथ ही परदेशातून आलेली निराधार विधवा बेथलेहेममध्ये बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवा वेचीत होती. पुढे त्याच बवाजशी तिचा विवाह झाला, आणि सरवा वेचणारी ही बाई दावीद राजाची पणजी ठरली. कोकणात शेकडो वर्षे राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी नव्या धान्याची नारळाच्या रसातील खीर करून ‘खिरीचा सण’ पाळीत आले.

अमेरिकेचा आभारदिन जगप्रसिद्ध आहे. पण त्याची दुसरी बाजूही जाणून घेतली पाहिजे. सन १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने आलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांपैकी सुमारे निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांना टिस्क्वांटम नावाच्या मूळ रहिवाशाने मासळीचे खत घालून मका लावण्यास शिकविले. १६२१ साली पीक आले तेव्हा तीन दिवस मेजवानी झाली. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसे घेऊन आला व त्यांनी पाच हरणे मारून आणली. पुढे १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी राष्ट्रीय आभारदिन जाहीर केला आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला. परंतु त्या मेजवानीनंतर अवघ्या ५४ वर्षांनी, १६७५ मध्ये, दोन्ही समाजांत भीषण युद्ध पेटले. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ मध्ये मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथ येथे कित्येक वर्षे खांबावर टांगलेले होते. ज्यांनी पेरणे शिकविले त्यांचीच जमीन गेली. म्हणून १९७० पासून मूळ रहिवाशांचे वंशज त्याच गुरुवारी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. आभार देवाचे मानले आणि वाटेकरी मात्र विसरले, तर सणाचे असे होते.

आपल्याकडेही या रीतीची उणीव नाही. कोकणात भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने व झेंडूचे फूल बांधून दाराला ‘नवे’ लावतात. गोव्यात राय या गावी ५ ऑगस्ट रोजी चर्चमध्ये नव्या कणसांना आशीर्वाद दिला जातो. देशावर पूर्वी खळ्यावर रास पडली की बलुतेदारांचा वाटा निघे. तो उपकार नव्हता, वर्षभराच्या कामाचा हक्क होता. तरीही गावातील काहींना तो वाटा मानाने न देता दुरून टाकला जाई, हेही इतिहासात नोंदविले पाहिजे.

मंदिराच्या जीर्णोद्धारात कोणी रोख देणगी दिली, कोणी पायलीने धान्य दिले, कोणी श्रमदान केले. देणगीदारांची नावे फलकावर येतील व ते योग्यच आहे. परंतु भर उन्हात डोक्यावर वाळूची पाटी वाहिलेल्या मजूर बाईचे नाव फलकावर नसते. नव्या धान्याचा नैवेद्य दाखवून प्रसाद वाटताना तिच्या हातावर तो आधी पडावा, आणि मानाने पडावा, म्हणजे सुगीच्या सणाचा अर्थ या गाभाऱ्यात सार्थ झाला असे म्हणता येईल. तशी सुबुद्धी सर्वांना लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.