दुकान बुडालं तर घर कुणाचं?

बाजारपेठेतून चालताना आपण दुकानांच्या पाट्या वाचत जातो. एकीवर नुसतं आडनाव, दुसरीवर 'आणि बंधू', तिसरीवर 'आणि मंडळी', आणि हल्ली एखाद्या छोट्याशा गाळ्यावरसुद्धा 'प्रायव्हेट लिमिटेड'. आतला माल तोच असेल, खिळे, स्क्रू, रंगाचे डबे. पण पाटीमागचं कायद्याचं रूप बदललं की एका प्रश्नाचं उत्तर बदलतं: धंदा बुडाला तर मालकाचं राहतं घर जाणार की वाचणार? नवा धंदा टाकणारा माणूस सी.ए.कडे जातो तेव्हा बोलणं बहुतेक वेळा करापासून सुरू होतं. आमच्या मते ते घरापासून सुरू व्हायला हवं. आज आपण या उत्तराचा इतिहास बघू.

सगळ्यात जुनं रूप म्हणजे एकट्याची मालकी. इथे दुकान आणि दुकानदार असे दोन नसतातच. दुकानाची उधारी ती त्याची उधारी. आपल्याकडे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आहे, तिचं कलम ६० वाचण्यासारखं आहे. कर्जदाराकडून काय जप्त करता येणार नाही, याची ती यादी. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, गुरं, बियाणं, आणि शेतकऱ्याचं घर. शेतकऱ्याचं, बरं का. दुकानदाराच्या घराला त्या यादीत अशी जागा नाही. म्हणजे मंगळसूत्र वाचतं, तवा वाचतो, आणि ते जिथे ठेवायचं ते घर लिलावात निघू शकतं.

आता आपण लंडनला जाऊ, कारण लहान दुकानदाराला यातून वाट कशी मिळाली ती गोष्ट तिथली आहे. इंग्लंडमध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदा झाला १८५५ साली. म्हणजे भागधारकानं जेवढे पैसे घालायचं कबूल केलं तेवढेच बुडणार, त्यापुढे त्याच्या खिशाला हात नाही. १८६२ च्या कंपनी कायद्यात अट होती की किमान सात सभासद हवेत. डोळ्यांसमोर मोठे उद्योग होते, पुष्कळ अनोळखी लोकांनी एकत्र येऊन भांडवल उभारायचं अशी कल्पना होती.

पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॉलोमन नावाचा चामड्याचा व्यापारी आणि बूट बनवणारा होता. धंदा चांगला चालला होता, एकट्याच्या नावावर. मुलं हाताशी आली होती आणि धंद्यात वाटा मागत होती. आपल्याकडे घरोघरी घडतं तेच! १८९२ मध्ये सॉलोमननं भागीदारी न करता कंपनी काढली. सात सभासद हवेत ना? तो स्वतः, बायको, मुलगी आणि चार मुलगे, झाले सात. एकूण शेअर २०,००७. त्यातले २०,००१ त्याचे आणि बाकी सहा जणांना एकेक. मग त्यानं आपलाच धंदा आपल्याच कंपनीला सुमारे ३९,००० पौंडांना विकला. किंमत जरा भरमसाटच होती, आपल्या दुकानावर जीव असलेला माणूस लावेल तशी. त्यापैकी १०,००० पौंडांबद्दल कंपनीनं त्याला रोख रक्कम न देता कर्जरोखे दिले. कंपनीची मालमत्ता त्या रोख्यांना तारण. म्हणजे सॉलोमन कंपनीचा मालकही झाला आणि तिचा तारणवाला सावकारही.

वर्षभरात बुटांच्या धंद्यावर अवकळा आली. कारखान्यांत संप झाले, आणि सरकारी कंत्राटं एकाच पुरवठादाराला न देता अनेकांत वाटली जाऊ लागली. सॉलोमननं आपले रोखे ब्रॉडरिप नावाच्या माणसाकडे ठेवून ५,००० पौंड उचलले आणि तेही कंपनीत घातले. तरी १८९३ च्या शेवटी कंपनी दिवाळ्यात गेली. विक्रीतून आलेल्या पैशांतून ब्रॉडरिपचं कर्ज फिटलं. हजारभर पौंड उरले, आणि तारण असल्यामुळे तेही सॉलोमनच्या रोख्यांकडे जाणार होते. ज्यांनी विश्वासावर उधार माल दिला होता त्यांचे साडेसात हजारांहून जास्त पौंड येणं होतं. त्यांच्या हातात काही पडणार नव्हतं.

खालच्या कोर्टाचे न्यायाधीश म्हणाले, ही कंपनी म्हणजे सॉलोमनचा मुनीमच, तेव्हा देणी सॉलोमननं भागवावीत. अपील कोर्ट आणखी कडक होतं. सात माणसांचा कायदा हा एका माणसासाठी आणि सहा बाहुल्यांसाठी केलेला नाही, असा त्यांचा रोख. या सगळ्यात सॉलोमन इतका खंगला होता की हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याला गरीब पक्षकार म्हणून अपील करावं लागलं. १६ नोव्हेंबर १८९६ रोजी निकाल लागला, एकमतानं, सॉलोमनच्या बाजूनं. कायद्यानं सात सभासद मागितले, सात आहेत. त्यांचं नातं काय आणि कुणाचे शेअर किती, हे कायदा विचारत नाही. नोंदणी झाली की कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती.

उधार माल देणाऱ्यांचं काय? तेही लहान व्यापारीच होते, हे आपण विसरायला नको. १९४४ मध्ये ओटो काह्न-फ्रॉइंड या कायदेपंडितानं या निकालाला अनर्थकारक म्हटलं होतं. आम्ही तितक्या टोकाला जाणार नाही, पण एक खरं. एकाचं घर वाचतं तेव्हा दुसऱ्याची उधारी बुडते. कायद्याचं रूप निवडताना आपण खरं तर नुकसान कुणाच्या अंगावर जावं हे निवडत असतो. म्हणून 'लिमिटेड' हा शब्द नावापुढे लिहिण्याची सक्ती आहे. तो प्रतिष्ठेचा बिल्ला वाटतो, पण मुळात ती माल देणाऱ्याला दिलेली सूचना आहे.

आता आपल्याकडे येऊ. मर्यादित जबाबदारी हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्यानं आली. पण तिथेही सात माणसं हवी होती, आणि ती बाजारातल्या दुकानदाराच्या कामाची नव्हती. त्याच्यापुढे दोनच वाटा, घराणं किंवा भागीदारी. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात धंदा वडिलोपार्जित असेल तर कर्ता त्याच्यासाठी कर्ज काढू शकतो. कर्ता स्वतः पूर्ण अडकतो, बाकीच्यांचा कुटुंबातल्या मिळकतीतला वाटाच अडकतो. मात्र कर्त्यानं अगदी नवा धंदा काढला तर त्याचा धोका अज्ञान मुलांच्या माथी मारता येत नाही, असं प्रिव्ही कौन्सिलनं १९३२ मध्ये ठरवलं.

योगायोगानं त्याच १९३२ चा भागीदारी कायदा. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक भागीदाराला पाठ हव्यात. पहिली, पेढीच्या सगळ्या देण्याला प्रत्येक जण पूर्ण जबाबदार. नफ्यात चार आणे हिस्सा असला तरी तोट्यात धनको सोळा आणे मागू शकतो. दुसरी, कलम ६९. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या पेढीला गिऱ्हाइकाकडची करारावरची येणी कोर्टात जाऊन मागता येत नाहीत, आणि तिच्यावर दावा मात्र बाहेरचा माणूस लावू शकतो. दोन मित्र स्टॅम्पपेपरवर करार करून धंदा सुरू करतात आणि नोंदणीचं राहून जातं, तेव्हा हे कलम वाट बघत बसलेलं असतं.

मधल्या वाटा हळूहळू निघाल्या. १९१३ च्या कायद्यानं दोन सभासदांची खासगी कंपनी आणली. भागीदारीचा मोकळेपणा आणि मर्यादित जबाबदारी एकत्र देणारी एलएलपी २००८ च्या कायद्यानं आली. आणि एकाच माणसाची कंपनी, सॉलोमनला खरोखर हवी होती ती, २०१३ च्या कंपनी कायद्यात आली. लंडनच्या त्या निकालानंतर तब्बल ११७ वर्षांनी!

मग सगळ्यांनी कंपनीच काढावी का? आमचं उत्तर, नाही. रोखीचा लहान धंदा, माल थोडा, उधारी जवळपास नाही, अशा माणसाला एकट्याची मालकी पुरते. कंपनीला उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट आणि विवरणपत्रं लागतात, आणि मुख्य फॉर्म उशिरा भरला तर दिवसाला १०० रुपये. एलएलपीचं ऑडिट ४० लाखांपर्यंतची उलाढाल आणि २५ लाखांपर्यंतचं भांडवल असेल तर लागत नाही, हा फरक लहान व्यापाऱ्याला मोठा आहे. पण घाऊक माल उधारीवर उचलायचा असेल, किंवा विकलेल्या वस्तूनं, केलेल्या फिटिंगनं कुणाचं मोठं नुकसान होऊ शकत असेल, तर घर आणि धंदा वेगळे करणं शहाणपणाचं.

आणि इथेच खरी गोम आहे. बँक लहान कंपनीला कर्ज देताना बहुतेक वेळा संचालकाची वैयक्तिक हमी मागते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की दिवाळखोरी कायद्याखाली कंपनीची तडजोड योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही. म्हणजे कंपनीच्या नोंदणीनं जी भिंत बांधली, ती हमीपत्रावरच्या एका सहीनं बँकेपुरती पडते. माल देणाऱ्या व्यापाऱ्यापुरती ती उभी राहते. म्हणून हमीपत्रावर रक्कम लिहिलेली आहे का, मुदत आहे का, पुढच्या कर्जांनाही ती लागू होते का, हे सहीच्या आधी विचारायचं.

एक प्रश्न नेहमी येतो, तो आधीच घेऊ. एकट्यानं सुरुवात करून नंतर कंपनी करता येते का? येते. पण आधी घेतलेली उधारी त्या तारखेला कंपनीकडे आपसूक जात नाही. माल देणारा कबूल करेपर्यंत ती ज्याच्या नावावर होती त्याच्याच नावावर राहते.